काळ्या रंगातली पांढरी माती: सीईडीची पेस्ट, भट्टीतली राख आणि माझी एक्सेल शीट

(नेहमीप्रमाणे, हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेल्या 'म्हणजे'ची संख्या निम्म्यावर आणली आहे. जिथे आकडे घाईत बोललो होतो तिथे ते नीट लिहिले आहेत. हिशेब कागद-पेन्सिल घेऊन बघायचा असेल तर ऐकण्यापेक्षा वाचलेलंच बरं.)

आजचा भाग रंगावर आहे. भिंतीच्या नाही, लोखंडाच्या. त्यातही अशा रंगावर, जो ब्रशने लागत नाही, स्प्रेने लागत नाही, विजेने लागतो.

आमचं घर उत्रोलीत, भोरला अगदी खेटून. जूनमध्ये पाऊस लागला की सप्टेंबरपर्यंत इथे कपडे धड वाळत नाहीत. घराच्या लोखंडी गेटला वडील दर दिवाळीला ब्रशने रंग देतात, आणि पुढच्या श्रावणापर्यंत सांध्यांमधून तांबूस ओघळ सुरू. त्याच अंगणात आमच्या आप्पांची बारा वर्षांची मोटरसायकल उभी असते. सीट फाटलंय, आरसा एकच आहे, पण टाकी काढून खालचा सांगाडा बघितला तर वेल्डिंगच्या कोपऱ्यापर्यंतचा काळा रंग अजून शाबूत. गेटही लोखंडाचं, गाडीही लोखंडाची, पाऊस तोच. मग फरक कसला?

फरक सीईडीचा. कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन. पुण्याच्या पट्ट्यात कोणत्याही वर्कशॉपमध्ये विचारा, 'सीईडी करून आणलंय' हे वाक्य ऐकू येईल. आप्पा, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, हेच काम करतात. उत्रोलीच्या एमआयडीसीची चर्चा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. तोवर गावातली माणसं शिरवळला नाहीतर खेड-शिवापूरला जातात. आप्पा महामार्गावरच्या एका जॉब-कोटिंग कारखान्यात आहेत. दुसऱ्यांचे पार्ट येतात, रंग होऊन परत जातात. त्या कारखान्याचं नाव मी घेणार नाही, कारण पुढे जी चूक सांगणार आहे ती त्यांची कमी आणि माझी जास्त आहे.

आधी प्रक्रिया थोडक्यात. पार्ट धुतात, तेल काढतात, फॉस्फेटचा पातळ थर देतात, डीएम पाण्याने परत धुतात. मग तो रंगाच्या टाकीत बुडतो. टाकी बघितली तर वाटतं काळपट ताक आहे. इतकं पातळ, कारण त्यात ८० टक्के पाणीच असतं. घन पदार्थ साधारण २० टक्के. पार्ट डीसी सप्लायच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. २०० ते ३५० व्होल्ट, दोन-तीन मिनिटं, बस्स.

त्या दोन मिनिटांत काय होतं? टाकीतलं रेझिन हे एपॉक्सी आणि अमाइनपासून बनवलेलं असतं. त्यात थोडं सौम्य आम्ल घातलं की अमाइनवर धन भार येतो आणि एरवी पाण्यात न मिसळणारं रेझिन पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात तरंगत राहतं. टाकीचा पीएच सहाच्या आसपास असतो. करंट सुरू झाला की पार्टच्या अंगाला लागून असलेलं पाणी फुटतं, हायड्रोजनचे बुडबुडे निघतात आणि तिथे, फक्त तिथेच, पाणी अल्कलीसारखं होतं. धन भाराचं रेझिन तिथे ओढलं जातं, अल्कलीत त्याचा भार मरतो आणि ते पार्टवर साकळतं. दूध आंबटाने फाटतं ना? हे उलटं दूध आहे. आंबटात सुखी असतं, अल्कली लागली की फाटतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. साकळलेला थर विजेला अडवतो. त्यामुळे जिथे थर बसला तिथला करंट कमी होतो आणि वीज उघडी जागा शोधत पाइपच्या आत, दुमडीच्या मागे, ब्रश कधीच पोचणार नाही अशा ठिकाणी जाते. याला थ्रो पॉवर म्हणतात. सगळीकडे १५ ते २५ मायक्रॉनचा थर, आपल्या केसाच्या जाडीच्याही निम्म्याहून कमी. मग ओव्हनमध्ये १७० अंशांच्या आसपास वीस मिनिटं, आणि झालं.

इतिहास फार लांबवत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांच्या गटाने हे मोटारींसाठी जमवलं. तेव्हा पार्ट धन टोकाला असायचा, त्यामुळे लोखंडच थोडं विरघळून रंगात यायचं. टोकं उलटी करून, म्हणजे कॅथोडिक पद्धतीने, मोटारींना रंग द्यायची सुरुवात पीपीजीने १९७६ मध्ये केली, आणि पुढच्या दहा-एक वर्षांत बहुतेक मोटार कंपन्या तिकडे वळल्या. आपल्याकडे या धंद्यातलं जुनं नाव नेरोलॅकचं. १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स म्हणून सुरू झालेली कंपनी, पुढे गुडलास नेरोलॅक, आणि २००६ पासून जपानच्या कान्साईचं नाव आधी लावून कान्साई नेरोलॅक. मुंबई-गोवा महामार्गावर लोटे परशुरामला त्यांचा कारखाना आहे. एशियन पेंट्सने पीपीजीबरोबर १९९७ मध्ये मोटारींच्या रंगांसाठी भागीदारी केली. आमच्याकडे लोकांना वाटतं की खंडाळ्याजवळचा एशियन पेंट्सचा मोठा कारखाना म्हणजे हेच सगळं तिथे होत असणार. तो २०१३ मध्ये सुरू झाला, पण तो मुख्यतः भिंतींच्या रंगांचा. हे वेगळं शास्त्र आहे.

आता आजचा मूळ विषय. वर मी फक्त रेझिनबद्दल बोललो. नुसतं रेझिन लावलं तर पार्टवर मधासारखा पारदर्शक थर येईल. काळा रंग कुठून आला? पिगमेंटमधून. आणि पिगमेंट म्हणजे शेवटी पूड. दगडाची, मातीची, काजळीची. पूड विजेने जागेवरून कशी हलायची?

म्हणून सीईडीचा रंग कारखान्यात दोन वेगवेगळ्या ड्रममध्ये येतो. एकात रेझिनचं इमल्शन, दुधासारखं. दुसऱ्यात पिगमेंट पेस्ट, काळी, दाट, ओतायला काकवीसारखी. टाकीतला रंग पार्टवर जसजसा जातो तसतशी दोन्हींची भर घालायची. प्रमाण रंग देणारी कंपनी सांगते; इमल्शनचे चार-पाच भाग आणि पेस्टचा एक, असं काहीतरी.

पेस्टमध्ये काय असतं हे मी ऐकलं तेव्हा पहिला धक्का असा बसला की काळ्या पेस्टमधली बहुतेक पूड पांढरी असते. चिनी माती. केओलीन. हो, कपबशीची तीच. तिच्याबरोबर टायटॅनियम डायऑक्साइड, तोही पांढराशुभ्र. काळेपणासाठी कार्बन ब्लॅक, म्हणजे शुद्ध, अतिबारीक काजळी, आणि ती एकूण पुडीत अगदी थोडी. काजळी इतकी जालीम काळी असते की पांढऱ्या पुडीच्या डोंगराला ती पुरून उरते.

मग सगळी काजळीच का घालत नाहीत? एक ग्रॅम कार्बन ब्लॅकच्या कणांचा पृष्ठभाग पसरला तर शंभर चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे हजार चौरस फूट. एका ग्रॅममध्ये टूबीएचके! त्या सगळ्या भिंतींना रेझिनचा हात द्यावा लागतो, नाहीतर कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. काजळी जितकी जास्त तितकं रेझिन जास्त, आणि पेस्ट इतकी घट्ट होते की गिरणीतून फिरतच नाही. शिवाय काजळी वीज वाहते. थराने वीज अडवावी हा तर सगळ्या खेळाचा पाया. त्यात वीज वाहणारी पूड भरमसाट घालणं म्हणजे आपणच आपल्या धरणाला भोक पाडणं. मातीचं काम वेगळं. ती स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, तिचे कण चपटे पापुद्र्यांसारखे असतात, आणि ओव्हनमध्ये रंग वितळून वाहायला लागला की त्याला आधार देते.

मातीच का, चुनखडीची पूड का नाही? ती तर आणखी स्वस्त. भिंतीच्या रंगात ती सर्रास असते. उत्तर आपल्या जुन्या घरांच्या जमिनीत आहे. शहाबादी फरशीवर लिंबू पिळा. फसफसतं, आणि तिथे कायमचा खडबडीत डाग पडतो, कारण शहाबादी म्हणजे चुनखडीच. सीईडीची टाकी आम्लधर्मी. चुनखडीची पूड तिथे हळूहळू विरघळणार, आम्ल खाऊन टाकणार आणि कॅल्शियमचे आयन पाण्यात सोडणार. पाण्याची विद्युतवाहकता वाढली की व्होल्टेज धरवत नाही, थर फाटतो, त्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. झिंक ऑक्साइडचंही तेच. म्हणून या पेस्टसाठी पूड निवडताना रंगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो: ही आम्लात गप्प बसेल का, आणि हिच्यात धुऊन निघणारं मीठ किती आहे?

पुढचं पात्र म्हणजे ग्राइंड रेझिन. टाकीतल्या मुख्य रेझिनपेक्षा हे वेगळं. यावरचा धन भार कायमचा असतो, पीएच थोडा इकडेतिकडे झाला तरी जात नाही. त्याचं काम एकच, प्रत्येक कणाला लपेटायचं. आधी मोठ्या दातेरी चकतीच्या मिक्सरमध्ये पूड, ग्राइंड रेझिन आणि डीएम पाणी कालवतात. मग बीड मिल. त्यात झिर्कोनियाचे साबुदाण्याहून बारीक मणी असतात. पेस्ट त्या मण्यांमधून जाताना गोळे फुटतात आणि उघडे पडलेले कण लगेच रेझिनमध्ये लपेटले जातात. दळण झालं का हे बघायला खाचेची एक पोलादी पट्टी असते, हेगमन गेज. खाच एका टोकाला खोल, दुसऱ्या टोकाला शून्य. त्यावर पेस्ट ओढायची आणि दाणे कुठून दिसायला लागतात ते वाचायचं. सीईडीच्या पेस्टमध्ये सहसा दहा-पंधरा मायक्रॉनच्या वर दाणा चालत नाही. थरच वीस मायक्रॉनचा, त्यात तीस मायक्रॉनचा दाणा म्हणजे पोह्यात खडा.

लपेटलेल्या कणावर धन भार असतो, म्हणून तो रेझिनच्या थेंबांबरोबर पार्टकडे जातो. पूड विजेने हलते ती अशी. ती स्वतः हलत नाही, तिला रेझिनचं बोट धरून नेलेलं असतं.

पेस्टमध्ये आणखी एक गोष्ट असते, जी रंग देत नाही: ओव्हनमधली जोडणी घडवणारा उत्प्रेरक. वर्षानुवर्षं हा कथिलाचा, डायब्युटिल टिन ऑक्साइड नावाचा. तीही पूडच, म्हणून तिची सोय पेस्टमध्ये. आता बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी बिस्मथ येतंय. आणि पूर्वी शिसंही असायचं, लेड सिलिकेटच्या रूपात. गंज रोखण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हता. युरोपने २००० साली मोटारींच्या भंगाराबाबत जो निर्देश काढला, त्याने जुलै २००३ पासून नव्या गाड्यांत शिशावर बंदी आणली. तेव्हा पीपीजीने शिशाच्या जागी इट्रियम बसवलं, आणि त्यासाठी त्यांना २००१ मध्ये अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे २०१६ चा शिशाचा नियम आहे, ९० पीपीएमचा. पण तो घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी. कारखान्यांच्या रंगातलं शिसं आपल्याकडे कमी झालं ते मुख्यतः गाड्या बनवणाऱ्यांच्या अटींमुळे, असं माझं मत आहे. टाकीजवळ बारा तास उभ्या असणाऱ्या माणसासाठी कायदा उशिरा येतो, निर्यातीची ऑर्डर आधी.

बरं. आता प्रमाणाकडे. पिगमेंट आणि बाइंडर, म्हणजे पूड आणि रेझिन, यांचं गुणोत्तर. धंद्यात याला पी-बी म्हणतात. सीईडीमध्ये ते कमी असतं. आपण उदाहरणासाठी ०.१५ धरू. पूड कमी झाली तर काय? ओव्हनमध्ये रेझिन पाण्यासारखं वाहतं, पृष्ठताणामुळे धारेवरून मागे सरकतं आणि कापलेल्या पत्र्याची कड उघडी पडते. गंज नेहमी कडेपासून सुरू होतो. शिवाय तेलाचा थेंब असला की खड्डे पडतात. पूड जास्त झाली तर? कड झाकली जाते, पण रंग वाहून सपाट होत नाही. वरच्या बाजूला हात फिरवला की रवा लागल्यासारखं वाटतं. चमक जाते. म्हणजे हा आमटीतल्या मिठाचा मामला आहे, कमीही नको, जास्तही नको. पेस्ट बनवणारा रसायनतज्ज्ञ कितीही हुशार असो, रोज टाकीत किती पेस्ट पडते यावरच सगळं ठरतं.

आणि इथे मी येतो.

साधारण दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या कारखान्यातून निरोप आला. तिथला लॅबवाला माणूस नोकरी सोडून गेला होता, आणि भर किती घालायची याचा हिशेब तो एका रजिस्टरमध्ये हाताने करायचा. 'तुमचा पुतण्या कॉम्प्युटरवाला आहे ना, एक एक्सेल करून देईल का?' मी एका शनिवारी गेलो, रजिस्टरचे फोटो काढले आणि रविवारी शीट करून दिली. पैसे घेतले नाहीत. चहा आणि मिसळ.

हिशेब असा. टाकीतला नमुना घ्यायचा, ११० अंशांवर वाळवायचा. पाणी गेलं, उरला घन पदार्थ. मग तोच मफल भट्टीत सहाशे-सातशे अंशांवर जाळायचा. रेझिन जळून जातं, उरते राख. राख म्हणजे पिगमेंट. घन पदार्थातून राख वजा केली की बाइंडर. भागाकार केला की पी-बी. सातवीचं गणित.

रजिस्टरमध्ये राखेच्या रकान्यानंतर अजून एक रकाना होता. त्याला शीर्षक नव्हतं. प्रत्येक ओळीत राखेला १.२५ ने गुणलेलं. कुणी नेमकं सांगू शकेना. सुपरवायझर म्हणाले, 'असंल सेफ्टी फॅक्टर.' आमच्या कामात कोडमध्ये असा कुठूनतरी उगवलेला आकडा दिसला की त्याला मॅजिक नंबर म्हणतात, आणि ज्याचं कारण कुणाला माहीत नाही तो आकडा काढून टाकायचा अशी मला सवय. मी तो काढला. शीट एकदम स्वच्छ दिसायला लागली.

आता बघा. राख म्हणजे पिगमेंट, हे खरंच खरं आहे का? केओलीनच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं, वजनाच्या जवळपास १४ टक्के. ते ११० अंशांना जात नाही, पण साडेचारशे-सहाशेच्या दरम्यान निघून जातं. कार्बन ब्लॅक तर काजळीच, ती भट्टीत पूर्ण जळते. मागे काहीच नाही. डायब्युटिल टिन ऑक्साइडचा सेंद्रिय भागही जळतो. समजा १०० ग्रॅम पुडीत ६० केओलीन, २५ टायटॅनियम, १० काजळी, ५ कथिलाचं. भट्टीनंतर केओलीनचे सुमारे ५२ उरले, टायटॅनियमचे २५, काजळीचं शून्य, कथिलाचे ३. एकूण ८०. शंभराचे ऐंशी. आणि ऐंशीला कितीने गुणलं की शंभर? १.२५.

तो सेफ्टी फॅक्टर नव्हता. तो भट्टीत उडून गेलेल्या काजळीचा आणि मातीतल्या पाण्याचा हिशेब होता.

तो काढल्यावर काय झालं ते आकड्यांत सांगतो. टाकी नीट असताना १०० ग्रॅम घन पदार्थात १३ ग्रॅम पूड, ८७ रेझिन, ०.१५. त्याची राख १०.४. माझी शीट म्हणणार: १०.४ भागिले ८९.६, म्हणजे ०.११६. पेस्ट कमी आहे, घाला! पेस्ट घातली. पुढच्या आठवड्यात शीट परत म्हणाली, कमी आहे. घातली. हे थांबलं तेव्हा राख १३ झाली होती आणि शीटवर हिरव्या रंगात ०.१५ झळकत होतं. पण १३ राख म्हणजे खरी पूड १६.२५. रेझिन ८३.७५. खरं पी-बी ०.१९४. जवळजवळ तीस टक्के जास्त.

वाईट भाग असा की पहिल्या महिन्यात माझं कौतुक झालं. कडेचा गंज कमी झाला होता ना! सॉल्ट स्प्रेचे निकाल सुधारले. सुपरवायझरनी फोन करून सांगितलं की शीट झकास आहे. अडीच महिन्यांनी एका ग्राहकाकडून ब्रॅकेटची सगळी लॉट परत आली. सपाट वरच्या बाजू खरखरीत.

खरखरीत आणि फक्त वरच्या बाजूला, हे ऐकलं की या धंद्यातला कुणीही पहिलं म्हणणार: पिगमेंट बसलं. टाकी ढवळणं बंद पडलं, पूड खाली बसायला लागली आणि पार्टच्या सपाट पाठीवर पडली. हे ढवळणं चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू ठेवावं लागतं. आणि लॉट निघण्याच्या आधीच्या रविवारी वीज गेली होती. ड्यूटीवर कोण? आप्पा. आप्पा म्हणत होते, दहा मिनिटांत जनरेटर लावला. पण त्याची नोंद कुठे? आप्पा कंत्राटावर. त्यांना सांगितलं, चौकशी होईपर्यंत घरी बसा.

आप्पा घरी बसले. आमच्याकडे कोणी घरी बसलं की गावाला दुपारपर्यंत कळतं. संध्याकाळी ओट्यावर ते मला म्हणाले, 'तू शिकलेला आहेस, तूच सांग, दहा मिनिटांत माती बसती का रे?'

मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी ते काढायला बसलो. पाण्यात कण किती वेगाने बसतो याचं सूत्र स्टोक्सचं, आपल्याला अकरावीत होतं. केओलीनची घनता २.६. एक मायक्रॉनचा सुटा कण पाण्यात तासाला तीन-चार मिलिमीटर खाली जातो. दहा मिनिटांत अर्धा-पाऊण मिलिमीटर. पण वेग व्यासाच्या वर्गाने वाढतो. दहा मायक्रॉनचा गोळा शंभरपट वेगाने, तासाला तीस-चाळीस सेंटिमीटर. म्हणजे आप्पा दोषी असायचे तर एकतर पंप रात्रभर बंद हवा, नाहीतर पेस्टमध्येच गोळे हवेत. पेस्टचे हेगमनचे आकडे नीट होते. फिल्टर बॅगही नेहमीसारख्याच.

आणि मग जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. पूड खाली बसली असती तर टाकीच्या पाण्यात ती कमी व्हायला हवी. सोमवारच्या नमुन्याची राख घसरायला हवी होती. माझ्या शीटवर सोमवारची राख जशीच्या तशी होती. काहीच हरवलं नव्हतं. लक्षणं पूड जास्त असल्याची, आणि आकडा म्हणतोय अगदी बरोबर. म्हणजे आकडाच खोटा. मी जुने रजिस्टरचे फोटो उघडले, आणि तो बिनशीर्षकाचा रकाना माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी रंग पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस इंजिनीअरला फोन लावला. त्यांनी एका मिनिटात सांगितलं, 'अहो, राखेचा करेक्शन फॅक्टर टेक्निकल शीटवर पहिल्याच पानावर आहे.' टेक्निकल शीट लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. मी कपाट उघडलंच नव्हतं. त्यांनी नमुना नेला. उत्तर आलं, पी-बी ०.१९.

मी कारखान्यात जाऊन मालकांसमोर सांगितलं की चूक शीटची आहे, शीट माझी आहे. ते फार काही बोलले नाहीत. विचारलं, 'टाकी फेकायची का?' नाही, फेकायची नाही. पेस्ट बंद, फक्त इमल्शनची भर. प्रत्येक पार्ट जाताना जुनी पूड थोडी थोडी घेऊन जातो. टाकीत समजा ४,००० किलो घन पदार्थ आहेत. पुडीचा वाटा १६.२५ वरून १३ टक्क्यांवर आणायला साधारण ९०० किलो घन पदार्थ पार्टवर जायला हवेत. रोज ४० किलो धरले तर बावीस-तेवीस कामाचे दिवस. उत्प्रेरकही पेस्टमधूनच येतो, त्यामुळे या काळात बेक पूर्ण होतंय ना हे रोज सॉल्व्हंटच्या फडक्याने घासून बघायचं. तोही जास्तच झाला होता, त्यामुळे उतरत उतरत जागेवर आला. तेवढे दिवस दिसणारे सपाट पार्ट घेतले नाहीत, आतल्या बाजूचे घेतले.

आप्पांना नवव्या दिवशी बोलावलं. आठ दिवसांच्या हजेरीचं कंत्राटदार म्हणतो मालक देतील, मालक म्हणतात कंत्राटदार देईल. अजून मिळालेली नाही. मी ते पैसे द्यायला गेलो तर आप्पांनी हात मागे घेतला. म्हणाले, 'तुझ्याकडनं नको. तुझी चूक तू कबूल केलीस. त्यांची त्यांना करू दे.'

शीटमध्ये तो रकाना परत आलाय. आता त्याला शीर्षक आहे, 'मातीतलं पाणी आणि जळालेली काजळी', आणि तिथे आकडा मी टाइप करत नाही. कंपनीच्या शीटवरून दर नव्या पेस्टच्या वेळी लॅबवालाच भरतो, कारण पेस्टची कृती बदलली की तो आकडाही बदलतो. ढवळणीच्या पंपाला एक छोटा लॉगर लावलाय, पंप कधी बंद झाला आणि कधी सुरू झाला ते तो लिहून ठेवतो. तो मात्र मी पैसे घेऊन केला.

वडिलांनी परवा विचारलं, आपलं गेट सीईडी करून मिळेल का. आप्पा म्हणाले, गेट टाकीत मावत नाही, आणि मावलं तरी उन्हात ठेवू नये, एपॉक्सी उन्हाने पांढुरकं पडतं. वरून दुसरा रंग द्यावाच लागतो. म्हणजे ब्रश काही सुटत नाही. पुढच्या भागात टाकीतलं पाणी गाळून परत वापरणाऱ्या अल्ट्राफिल्ट्रेशनबद्दल बोलू. तोवर प्रश्न पाठवत राहा. भेटू.